पाळणा कुठे बांधायचा?

बाळाला कडेवर घेऊन कामावर आलेल्या आईचा फोटो दिसला की आपण सगळ्या हळव्या होतो, चार मैत्रिणींना लगेच पाठवतो. पण मीरा रोड किंवा भाईंदरहून रोज चाळीस किलोमीटरवर नोकरीला जाणाऱ्या आईला त्या फोटोचा उपयोग काय? तिच्या बाळाचा पाळणा ऑफिसात हवा, की घरापाशी? थोडा हिशेब मांडून बघू या.

डिसेंबर २०२२. नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. पहिल्याच दिवशी कॅमेरे वळले ते एका अडीच महिन्यांच्या बाळाकडे. नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन विधानभवनात आल्या होत्या. आई झाले तरी मतदारांचे प्रश्न मांडायचे आहेतच, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्या पक्षांच्या मंडळींनी कौतुक केलं, बाळाला पाहायला गर्दी झाली आणि विधानभवनाच्या आवारात हिरकणी कक्षही उभा राहिला.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. अहिरे पुन्हा बाळाला घेऊन आल्या. या वेळी हिरकणी कक्ष होता, पण त्यात धूळ होती आणि बाळाला ठेवण्याजोगी सोय नव्हती. त्यांनी आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. त्याची बातमी झाली, मग धावपळ झाली.

आता विचार करा. एका आमदाराला, कॅमेऱ्यांसमोर, राज्याच्या विधानभवनात हा अनुभव येतो. तर अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात डेटा एन्ट्री करणाऱ्या किंवा भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलची भांडी पॅक करणाऱ्या बाईनं कुणाकडे बघायचं?

कौतुक कड्याचं

हिरकणीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे आणि घरी भुकेलं बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, तिथे बुरूज बांधला आणि तिचं नाव आज एसटी स्टँडवरच्या खोलीला मिळालं आहे. आईच्या मायेची ही आख्यायिका सांगताना आजही गळा दाटून येतो.

पण गोष्ट ऐकताना आपण सगळं लक्ष कड्याकडे देतो. दरवाजे वेळेवर बंद होणार, हे तर रोजचंच होतं. कामाला आलेल्या बाईच्या घरी तान्हं मूल आहे, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, म्हणून तर तिच्यावर कडा उतरायची पाळी आली. आजही तसंच होतं. आई कडा उतरली की टाळ्या वाजतात. दरवाज्याची वेळ मात्र तीच राहते.

२०१८ मध्ये झाशीच्या कोतवालीतला एक फोटो देशभर फिरला होता. एक महिला कॉन्स्टेबल टेबलाशी बसून काम करते आहे आणि सहा महिन्यांची मुलगी समोर काऊंटरवर झोपली आहे. फोटो बघून सगळे हेलावले. पुढे काय झालं हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पोलीस महासंचालकांनी तिची बदली आग्र्याला, म्हणजे तिच्या घरच्या माणसांजवळ केली. म्हणजे काऊंटरवर बाळ ठेवण्याची सोय वाढवणं हा काही उपाय ठरला नाही. आई आणि बाळाला सांभाळणारी माणसं यांच्यातलं अंतर कमी करावं लागलं. ‘अंतर’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या मीरा-भाईंदरच्या दुखण्याचं मूळ त्यातच आहे.

तिकडची सोय, इकडची गरज

परदेशातली उदाहरणं आपल्याला नेहमी सांगितली जातात. २०१० मध्ये इटलीच्या लिचिया रोन्झुल्ली युरोपीय संसदेत बाळाला झोळीत बांधून मतदानाला बसल्या. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लॅरिसा वॉटर्स यांनी संसदेत बाळाला अंगावर पाजलं. उलट ब्रिटनमध्ये २०२१ साली खासदार स्टेला क्रीझी यांना, बाळाला घेऊन सभागृहात बसता येणार नाही, असं पत्र मिळालं आणि त्यावर मोठा वाद झाला.

अमेरिकेत तर काही सरकारी आणि खासगी ऑफिसांत आईबाबांना बाळ सोबत आणायची रीतसर परवानगी असते. वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्यानं २०१५ मध्ये अशी योजना सुरू केली. वय सहा आठवडे ते सहा महिने. टेबलाशेजारी पाळणा, सहकाऱ्यांशी आधी बोलणं, बाळ फार रडलं तर घरी जायचं.

ऐकायला छान वाटतं. पण ही वयोमर्यादा नीट बघा. सहा महिन्यांपर्यंतच का? कारण त्यानंतर बाळ रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि मग फायली सांभाळायच्या की बाळ, असा प्रश्न येतो. दुसरं म्हणजे अमेरिकेत देशपातळीवर भरपगारी बाळंतपणाची रजाच नाही. तिथल्या १९९३ च्या कायद्यानं बारा आठवडे रजा दिली, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. त्यामुळे दीड-दोन महिन्यांचं बाळ घेऊन कामावर जाणं ही तिथे सोय आहे आणि नाइलाजही.

आपल्याकडे मोठ्या, नोंदणीकृत नोकरीत असलेल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. म्हणजे सहा महिने बाळ तिच्यापाशीच असतं. डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, आणि रजाही तेवढीच. छान जुळलंय! पण रजा संपते तेव्हा काय होतं? उष्टावण आणि ऑफिसात जॉइन व्हायची तारीख एकाच पंधरवड्यात येते. बाळ नुकतं बसायला लागलंय, रांगण्याच्या बेतात आहे, नवं माणूस दिसलं की भोकाड पसरतंय, आणि आईला सातची लोकल गाठायची आहे. तिकडची योजना जिथे संपते, तिथे आपली गरज सुरू होते. म्हणूनच ‘ऑफिसात बाळ आणू द्या’ एवढ्या मागणीनं आपलं भागत नाही.

मीरा रोडची सकाळ

सकाळचे सात वाजून गेलेत. शांतीनगर असो, नवघर रोड असो की भाईंदर पश्चिमेचा दीडशे फुटी रस्ता, चित्र एकच. एका खांद्यावर स्वतःची पर्स, दुसऱ्या खांद्यावर बाळाची बॅग. त्यात दोन झबली, लंगोट, वाटी-चमचा, नाचणीच्या सत्वाचा डबा आणि त्या विशिष्ट बाहुलीशिवाय झोप लागत नाही म्हणून ती बाहुली. कडेवर अर्धवट झोपेतलं मूल. रिक्षा, मग तळमजल्यावरच्या पाळणाघराची बेल. काकू दार उघडतात, मूल आईच्या गळ्याला मिठी मारतं, काकू हलकेच सोडवून घेतात. मागे वळून बघायचं नाही, कारण वळून बघितलं की गाडी चुकते.

आणि ही गाडी म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. विरारहून येणारी लोकल मीरा रोडला येईपर्यंत खच्चून भरलेली. पाय ठेवायला जागा नाही म्हणून कित्येक जणी आधी उलट्या दिशेनं भाईंदरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत गेली. तोवर उपनगरातली बाई नोकरीला जाते, हे रेल्वेच्याही पचनी पडलं होतं. पण बाईच्या मागे घरी एक बाळ असतं, हे वेळापत्रकात कुठून दिसणार?

आपलं शहर वाढलं तेही किती वेगानं! १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजार झाली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून गिरगाव, दादर, पार्ल्याची जोडपी इथे आली. वन रूम किचन मिळालं, पण सासू-सासरे जुन्या खोलीत किंवा गावाला राहिले. शेजारीही नवे, तेही दोघं नोकरी करणारे. म्हणजे ज्या शहरात आजी नाही त्याच शहरात पाळणाघर सर्वात जास्त लागणार, हे उघड होतं. इमारती झाल्या, मॉल झाले, हॉल झाले. पाळणाघराची जबाबदारी मात्र कुणीच घेतली नाही. ती घेतली तळमजल्यावरच्या काकूंनी, आपल्या हॉलमध्ये चार गाद्या टाकून.

आता साधा हिशेब करा. आई पावणेआठला घर सोडते आणि सगळं सुरळीत असेल तर संध्याकाळी पावणेआठला परत येते. बारा तास. त्यातले आठ-नऊ तास काम, बाकी सगळं लोकल, रिक्षा आणि जिना. गाडी लेट झाली की काकूंना फोन. आणि २६ जुलै २००५ सारखा दिवस आला तर? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या थांबल्या, फोन लागेनात. मूल तीसेक किलोमीटर दूर आहे आणि आपण दादरच्या पुलावर अडकलोय, ही कल्पनाही अंगावर काटा आणते. ज्या काकूंनी अशा वेळी स्वतःच्या पोरांसोबत आपलंही पोर जेवू घातलं, त्यांचे पैसे महिन्याला देऊन फिटतात का?

झोळी आणि तंबू

बाळाला कामावर नेणं ही काही नवी टूम नाही. आपल्या शहरातच उत्तन, चौक, पाली या कोळीवाड्यांकडे बघा. होड्या लागल्या की मासळी निवडणं, बोंबील सुकत घालणं, टोपली घेऊन बाजार गाठणं हे सगळं बायकांचं काम. मूल तिथेच आजूबाजूला वाढतं, कुणा मावशीच्या नजरेखाली. गावाकडे शेताच्या बांधावर झाडाला लुगड्याची झोळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिथे कामाची जागा आणि घर यांत अंतर नव्हतं आणि बघणारे चार डोळे होते, म्हणून ते निभावलं.

बांधकामावर मात्र ते निभत नाही. १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वेळी, दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर बायकांची मुलं धुळीत, दगड-सिमेंटात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. त्यांनी तिथेच एक तंबू ठोकला. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि काही वर्षांतच तिचं काम मुंबईतही सुरू झालं. बांधकाम सरकलं की पाळणाघरही सरकायचं, म्हणून ते ‘मोबाइल’! मीरा रोडच्या ज्या इमारतींत आपण राहतो त्याही अशाच बायकांनी डोक्यावर घमेली वाहून उभ्या केल्या. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून जास्त स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं होतं. किती साइटवर ते दिसलं, हे आठवून बघा.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यानंही अशीच एक समजूतदार तरतूद केली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईला त्यांना सांभाळायचं काम द्यायचं आणि तिला त्याची मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हेही काम आहे, हे त्यात मान्य झालं होतं.

कायद्यातले चार फेरे

आता ऑफिसवाल्यांचा कायदा बघू. १९४८ च्या कारखाना कायद्यात अट होती तीसहून जास्त स्त्री-कामगारांची. तेवढ्या बायका असल्या तरच पाळणाघर. यातला डाव मालकाच्या लगेच लक्षात यावा असाच आहे. बायकांची भरती तिसाच्या आत ठेवली की प्रश्न मिटला! २०१७ मध्ये १९६१ चा प्रसूती लाभ कायदा बदलला आणि पाळणाघराची अट झाली पन्नास कर्मचाऱ्यांची. बाई-पुरुष कुणीही मोजा. हा फरक लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. मूल पुरुष कर्मचाऱ्यालाही असतं, हे कायद्याच्या आकड्यात पहिल्यांदा उतरलं. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासांची अट कायम आहे.

या कायद्यानं आईला आणखी दोन गोष्टी दिल्या. दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन बाळाला भेटायची मुभा, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या. शिवाय कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून काही काळ घरून काम. नेमणुकीच्या वेळीच हे हक्क लेखी सांगणं मालकावर बंधनकारक झालं. तुमच्या नेमणूकपत्रासोबत असा कागद मिळाला होता का? काढून बघा जरा.

कागदावर सगळं चांगलं आहे. पण मीरा रोडच्या आईनं हे चार फेरे मारायचे कसे? पाळणाघर ऑफिसपाशी असेल तर आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये चढायचं. पाळणाघर घरापाशी ठेवलं तर फेरे फक्त कागदावर राहतात. आणि हेही पन्नास माणसांच्या ऑफिसात काम करणारीचं झालं. भाईंदरच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या गाळ्यात दहा-पंधरा माणसं. दुकानात तीन, ब्युटी पार्लरमध्ये चार. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मालकिणी पाच, पण कायद्याच्या हिशेबात एकही नाही! त्यांच्यासाठी ना २६ आठवडे, ना पाळणाघर.

आपण निर्धास्त ऑफिसला जातो कारण मावशी वेळेवर येतात. मावशी येतात कारण त्यांचं धाकटं बाळ त्यांची थोरली लेक घरी सांभाळते. आणि ती लेक शाळेत जात नाही. आपल्या सुरळीत सकाळची किंमत कुठेतरी एक दहा वर्षांची मुलगी मोजत असते, हे विसरून चालणार नाही.

आपल्याच रेल्वेलाइनवरचं उत्तर

या थोरल्या लेकीचा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न फार पूर्वी झालाय, आणि तोही आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्या दोघींनी बालवाडीच वस्तीत, मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना तिथूनच आली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा येत नाहीत, तर मग शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. आणि थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून शाळेला मुकतात, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घेतल्या. भावंड पाळणाघरात, ताई शेजारच्या वर्गात. ‘विकासवाडी’ म्हणून हा प्रयोग ओळखला गेला.

इतकं साधं आणि शहाणपणाचं! मूल का येत नाही म्हणून आईला दोष देत न बसता, सोय कुठे नेऊन ठेवली म्हणजे ती उपयोगी पडेल, हे त्या दोघींनी बघितलं. हाच धडा मीरा-भाईंदरला लागू करा. पाळणाघर ऑफिसच्या बाराव्या मजल्यावर असण्यापेक्षा स्टेशनजवळ किंवा राहत्या कॉम्प्लेक्समध्ये असलं, तर बाळाचा प्रवास वाचतो. आजारी पडलं तर शेजारची आजी, सुट्टीवर असलेला बाबा चालत पोचू शकतो. कायदाही आड येत नाही. एकापेक्षा जास्त कंपन्यांना मिळून पाळणाघर चालवता येतं. सरकारी, पालिकेच्या किंवा संस्थेच्या पाळणाघराशी जोडून घेता येतं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, पाळणाघर कामाच्या ठिकाणाजवळ किंवा पालकांच्या वस्तीजवळ असावं, असं म्हटलेलं आहे. मग अंधेरीच्या कंपनीनं मीरा रोडच्या पाळणाघराची फी भरायला हरकत काय? ही मागणी आपण एचआरकडे केली का कधी?

महापालिकेला महिला व बालकल्याण समिती असते. शिवणयंत्रं वाटणं, मेंदी-ब्युटी पार्लरचे वर्ग घेणं चांगलंच आहे. पण शिवणयंत्र मिळालेल्या बाईचं मूल कोण बघणार? स्टेशनच्या दोन्ही बाजूंना सकाळी सात ते रात्री नऊ चालणारं, परवडणाऱ्या दरातलं एकेक पाळणाघर, जिथे बँकेतल्या बाईचं आणि घरकाम करणाऱ्या मावशींचं मूल शेजारी-शेजारी झोपेल, हे काही चंद्र मागण्यासारखं नाही.

आणि बाबा?

सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेल्या. त्या भाषण करत होत्या तेव्हा बाळ होतं बाबाच्या मांडीवर. त्या फोटोतली खरी बातमी ही होती, असं मला वाटतं.

केंद्र सरकारी नोकरीतल्या पुरुषाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बाबाला कायद्यानं काहीच नाही. बालसंगोपन रजा केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला २००८ पासून एकूण ७३० दिवसांची आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची दिली. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. म्हणजे आई असेपर्यंत बाबांची गरज नाही, असंच सरकारही धरून चालतं!

घरातही तेच. पाळणाघराचा फोन आईलाच येतो. ‘आज मी लवकर निघू का, मुलाला ताप आहे’ असं साहेबांना विचारणारी बाईच असते. बाबांनी विचारलं तर ‘का, मिसेस नाहीत का घरी?’ असं ऐकावं लागतं. पण सकाळी मूल सोडायचं काम एकानं आणि संध्याकाळी आणायचं दुसऱ्यानं, एवढं वाटून घेतलं तरी किती फरक पडतो हे करून बघितलेल्या घरांना विचारा. फोन करायच्या यादीत बाबाचा नंबर पहिला लिहून द्या. सुरुवात तिथून होते.

पाळणाघर निवडताना

सगळी सोय होईल तेव्हा होईल. तोवर आजची गरज भागवायची आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली होती. त्यानंतर कित्येक आयांची झोप उडाली. घाबरून नोकरी सोडण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून निवड करू या.

• जागा घरापासून किंवा स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहे का? पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी साचतं का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा.

• एकदा ठरवून आणि दोनदा न सांगता, वेगवेगळ्या वेळी जाऊन या. दुपारी झोपेच्या वेळेला घर कसं आहे, ते बघा. अचानक आलेल्या आईला दारातच थांबवत असतील तर ते पाळणाघर नको.

• किती मुलांमागे किती माणसं? काकू बाजारात गेल्या तर कोण असतं? खिडक्यांना ग्रिल, स्वयंपाकघराला दार, पाण्याच्या बादल्या झाकलेल्या, एवढं तरी हवंच.

• मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची नावं, फोन नंबर आणि फोटो लेखी द्या. उशीर झाला तर, गाड्या बंद पडल्या तर काय, हे आधीच बोलून घ्या.

• अंगावरचं दूध काढून ठेवत असाल तर स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात, वर तारीख-वेळ लिहून. साधारण २५ अंश तापमानाला ते चार तास टिकतं, आपल्या उकाड्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये चार दिवस. उकळायचं नाही, भांडं गरम पाण्यात धरून कोमट करायचं. बाळानं उष्टं ठेवलेलं पुन्हा वापरायचं नाही.

• जॉइन व्हायच्या निदान दोन आठवडे आधी सवय सुरू करा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक तास, मग एक झोप. बाळालाही सवय होते आणि आपल्यालाही.

• काकूंनाही माणूस समजा. त्यांना सुट्टी लागते, आजारपण येतं. त्यांची फी वेळेवर द्या. आपण पगारवाढीसाठी भांडतो आणि त्यांनी दोनशे रुपये वाढवले की कुरकुरतो, हे बरं नाही.

शेवटी एक अगदी हातात असलेली गोष्ट. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा होईल तेव्हा रंगकाम आणि पार्किंगबरोबर आणखी एक विषय लिहून द्या. वर्षातून चार वाढदिवसांना आणि एका गणपतीला उघडणारा तो तळमजल्यावरचा हॉल दिवसभर बंद का ठेवायचा? त्यात आपल्याच इमारतीतल्या आणि आपल्या इमारतीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालू शकेल का? कुणीतरी म्हणेल, ‘आवाज होईल.’ होईलच. लहान मुलांचा आवाज होतोच. सभेत हा विषय मांडायला एकटी जाऊ नका, चौघीजणी मिळून जा, आणि त्या दिवशी बाळाला बाबांकडे ठेवून जा.